कुलूप कोणी घडवले? जेंटू, कूटबद्ध डिस्क आणि मूळ संहितेचा इतिहास

दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या जंक्शनवर गाडी बदलताना माझी पाठपिशवी चोरीला गेली. पिशवीत लॅपटॉप होता. प्रयोगाच्या नोंदींच्या तीन प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या होत्या, त्यामुळे काम थांबले नाही. 'डेटा वाचला ना?' असे जो तो विचारी आणि मीही 'वाचला' असे उत्तर देई. तिसऱ्या रात्री झोपेतून दचकून उठले, तेव्हा त्या प्रश्नाचा दुसरा अर्थ ध्यानी आला. त्या यंत्रात उन्हाळी प्रशिक्षणाला आलेल्या अकरा विद्यार्थ्यांच्या आधार कार्डांच्या प्रती होत्या, परीक्षक म्हणून माझ्याकडे आलेले दोन अप्रकाशित शोधनिबंध होते आणि एका विद्यार्थिनीने विश्वासाने लिहिलेले तिच्या आजारपणाचे पत्र होते. डेटा वाचला होता खरा, पण तो आता दुसरेही कोणी वाचू शकत होते.

लॅपटॉपला परवलीचा शब्द होता. परंतु तो शब्द केवळ दारावरच्या रखवालदाराचे काम करतो. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली की रखवालदाराला कोणी विचारत नाही. पदार्थविज्ञानात डॉक्टरेट केलेल्या व्यक्तीला हे ठाऊक असायला हवे होते. ठाऊक होतेही, पण कृतीत आणलेले नव्हते.

नवे यंत्र आले तेव्हा संपूर्ण डिस्क कूटबद्ध करण्याचे ठरवले. आजच्या बहुतेक प्रणालींत त्यासाठी एक खूण करणे पुरते. मी मात्र जेंटू लिनक्स निवडले. या प्रणालीत जवळजवळ प्रत्येक आज्ञावली तिच्या मूळ संहितेपासून, म्हणजे सोर्स कोडपासून, आपल्याच यंत्रावर संकलित करून घेता येते. हट्टाचे कारण एवढेच, की कुलूप लावायचेच आहे तर ते कोणी घडवले आणि कसे घडवले हे एकदा पाहावे. ती मांडणी करताना लागलेल्या चार दिवसांत या दोन्ही गोष्टींचा इतिहास वाचत गेले. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तो जाणून घ्यावा असे वाटले, म्हणून ही दीर्घ नोंद.

कूटलेखनाच्या आधुनिक विचाराचा आरंभ १८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स यांच्या फ्रेंच लेखमालेत सापडतो. लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना त्यांनी म्हटले, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये. गुपित असावे ते फक्त किल्लीत. ही कल्पना आज साधी वाटते. पण तिचा एक परिणाम असा, की ज्या कुलपाची रचना लपवून ठेवलेली आहे त्यावर अधिक विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही. उलट कमीच ठेवावा. सर्वांनी पाहिलेले, तोडण्याचा प्रयत्न केलेले आणि तरीही न तुटलेले कुलूप चांगले. मूळ संहिता खुली असावी या आग्रहाचे हे एक मूळ आहे.

दुसरे मूळ विद्यापीठांच्या वर्गखोल्यांत आहे. बेल प्रयोगशाळांत जन्मलेली युनिक्स प्रणाली १९७० च्या दशकात विद्यापीठांना मूळ संहितेसह मिळत असे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या जॉन लायन्स यांनी तिच्या सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याच्या सुमारे नऊ हजार ओळी छापून त्यांवर ओळीगणिक भाष्य लिहिले. एक पूर्ण, वापरातली प्रणाली विद्यार्थी आरंभापासून अखेरपर्यंत वाचू शकत होते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून परवान्याच्या अटी बदलल्या आणि मूळ संहिता वर्गात शिकवण्यास बंदी आली. लायन्स यांच्या पुस्तकाच्या झेरॉक्स प्रतींच्या प्रती जगभर हातोहात फिरत राहिल्या. अधिकृत छपाईला १९९६ साल उजाडावे लागले. शिकवायला संहिता उरली नाही म्हणून अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये स्वतःची छोटी प्रणाली, मिनिक्स, लिहिली. मिनिक्स वापरता वापरता लिनस टॉरव्हल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिण्यास प्रारंभ केला. परवान्यातील एका कलमाने बंद केलेले दार आठ-बारा वर्षांत असे दुसऱ्याच भिंतीतून उघडले. दरम्यान रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली होती. त्यांच्या जीसीसी या संकलकाशिवाय लिनक्सची संहिता केवळ मजकूर राहिली असती.

पुढे लिनक्स लोकांपर्यंत पोचले ते तयार, आधीच संकलित केलेल्या रूपात. ते सोयीचे होते आणि आहे. मात्र १९९९ च्या सुमारास डॅनियल रॉबिन्स यांनी इनॉक नावाची वितरणिका रचायला घेतली. मध्येच काही महिने ते फ्रीबीएसडी या युनिक्सवंशीय प्रणालीकडे वळले. तेथे 'पोर्ट्स' ही व्यवस्था होती. आज्ञावली कोठून आणायची, तिच्यात कोणते बदल करायचे आणि ती कशी संकलित करायची याची कृती लिहून ठेवलेली असे. यंत्र त्या कृतीबरहुकूम काम करी. परत आल्यावर रॉबिन्स यांनी ती कल्पना पायथन भाषेत नव्याने मांडली आणि तिला पोर्टेज असे नाव दिले. इनॉकचे नावही बदलून जेंटू झाले. जेंटू ही पेंग्विनची एक जात आहे आणि पाण्याखाली पोहण्यात ती सर्वांत वेगवान मानली जाते. जेंटूची १.० आवृत्ती मार्च २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. रॉबिन्स २००४ मध्ये प्रकल्पातून बाहेर पडले, पण स्वयंसेवकांनी तो चालू ठेवला. गूगलचे क्रोमओएस घडवतानाही पोर्टेजच वापरले जाते, हे अनेकांना ठाऊक नसते.

वेग हे जेंटूच्या प्रारंभीच्या लोकप्रियतेचे मोठे कारण होते. आपल्या प्रोसेसरसाठी खास संकलन केले की यंत्र अधिक वेगाने धावेल, ही ती आशा. माझे मत विचाराल तर दैनंदिन कामात तो फरक क्वचितच जाणवतो आणि संकलनात घालवलेले तास त्यातून भरून येत नाहीत. खरा लाभ निवडीचा आहे. मला ब्लूटूथ नको होते, छपाईयंत्राचा आधार नको होता. तसे एका ओळीत लिहिले आणि शेकडो आज्ञावल्यांतून तो भाग संकलितच झाला नाही. जे यंत्रात नाही त्यात छिद्रही नाही. डिसेंबर २०२३ पासून जेंटूनेही तयार संकलित आज्ञावल्या मोठ्या प्रमाणावर देण्यास प्रारंभ केला, तेव्हा जुने भक्त हळहळले. मी आनंदाने ब्राउझर तयार घेतला. त्याच्या संकलनात माझे यंत्र अर्धा दिवस पंख्याचा आवाज करत बसले असते.

आता कुलपाकडे वळू. अमेरिकी सरकारने १९७७ मध्ये डीईएस हे कूटलेखन प्रमाण म्हणून स्वीकारले. त्याची किल्ली ५६ बिटांची होती, आणि ती तोकडी असल्याची टीका तेव्हाच झाली होती. जुलै १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने अडीच लाख डॉलरांहून कमी खर्चात खास यंत्र बांधून ती किल्ली ५६ तासांत शोधून दाखवली. तोवर नव्या प्रमाणाची खुली स्पर्धा सुरू झालेली होती. जगभरातून आलेले प्रस्ताव सर्वांसमोर ठेवून तोडण्याचे आवाहन केले गेले, आणि योआन डेमन व व्हिन्सेंट रेमेन या बेल्जियन संशोधकांची रचना निवडली गेली. नोव्हेंबर २००१ मध्ये ती एईएस म्हणून प्रमाणित झाली. केर्कहॉफ्स यांचे म्हणणे प्रमाणप्रक्रियेचाच भाग व्हायला ११८ वर्षे लागली.

त्या काळात अमेरिकी कायद्यानुसार प्रबळ कूटलेखन हे युद्धसाहित्य समजले जात होते. फिल झिमरमन यांच्या पीजीपी या आज्ञावलीची मूळ संहिता १९९५ मध्ये एमआयटी प्रेसने चक्क पुस्तक म्हणून छापली, कारण छापील पुस्तकाच्या निर्यातीला आडकाठी नव्हती. नंतरच्या आवृत्तीची छापील पाने युरोपात नेऊन स्कॅन करण्यात आली आणि त्यांतून आज्ञावली पुन्हा उभी केली गेली. निर्यातीचे हे नियम २००० साली शिथिल झाले. भारतातही परिस्थिती फार निराळी नव्हती. इंटरनेट सेवा पुरवठादारांच्या जुन्या परवान्यांत परवानगीशिवाय ४० बिटांपर्यंतच्याच किल्ल्या वापरण्याची मुभा होती. ४० बिटांच्या किल्ल्या सुमारे १ लाख १० हजार कोटी होतात. संख्या मोठी वाटते, पण संगणकाला ती मोठी नाही.

किती मोठी संख्या म्हणजे खरोखर मोठी, हे सांगायला पदार्थविज्ञान उपयोगी पडते. रॉल्फ लँडॉअर यांनी १९६१ मध्ये दाखवले, की माहितीचा एक बिट पुसताना काही किमान ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतेच. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला ती सुमारे ३ × १०⁻²¹ ज्यूल भरते. प्रत्येक किल्ली मोजताना किमान एक बिट पुसला जातो असे धरू. १२८ बिटांच्या सर्व किल्ल्या नुसत्या मोजायला सुमारे १०¹⁸ ज्यूल लागतील, म्हणजे कुडनकुलमच्या एका १००० मेगावॅट अणुभट्टीची तीस-एक वर्षांची अखंड वीज. आणि हे निसर्गाने घातलेल्या किमान मर्यादेला पोचलेले आदर्श यंत्र. आजचे संगणक त्या मर्यादेपासून फार दूर आहेत. २५६ बिटांसाठी मात्र सूर्याची सगळी ऊर्जा १०²² वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून कोणताही शहाणा चोर किल्ली मोजत बसत नाही. तो माणसाने निवडलेला परवलीचा शब्द ओळखू पाहतो.

डिस्क कूटबद्ध करण्याचा सारा इतिहास याच दुबळ्या दुव्याभोवती फिरतो. २००४ च्या आरंभी क्रिस्टोफ साउट यांचे डीएम-क्रिप्ट लिनक्सच्या गाभ्यात आले. ते डिस्क आणि फाइलव्यवस्था यांच्यामध्ये बसते; लिहिताना प्रत्येक खंड कूटबद्ध करते, वाचताना उलगडते. प्रत्येक खंडाच्या क्रमांकानुसार कूटलेखन बदलावे लागते, नाहीतर सारख्या मजकुराचे सारखेच कूट होते आणि आकृतिबंध उघडा पडतो. लिनक्सच्या पेंग्विनचे चित्र अशा भाबड्या पद्धतीने कूटबद्ध केल्यावरही पेंग्विन स्पष्ट दिसतो, हे उदाहरण पाठ्यपुस्तकांत प्रसिद्ध आहे. आज रूढ असलेली एक्सटीएस पद्धत २००७ मध्ये प्रमाणित झाली.

परंतु किल्ली ठेवायची कोठे? यावर व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फ्रुविर्थ यांनी लक्स ही रचना दिली. डिस्क ज्या किल्लीने कूटबद्ध होते ती यदृच्छेने निर्माण केलेली असते आणि माणसाला कधी दिसतही नाही. आपला परवलीचा शब्द केवळ त्या किल्लीच्या पेटीचे झाकण उघडतो. शब्द बदलला तर फक्त झाकण बदलते, सारी डिस्क पुन्हा लिहावी लागत नाही. यातली मला सर्वांत भावलेली युक्ती झाकण नष्ट करण्याची आहे. चुंबकीय डिस्क खराब खंडांच्या जागी गुपचूप दुसरे खंड वापरते, म्हणून पुसलेली लहानशी नोंद कोठेतरी शिल्लक राहू शकते. फ्रुविर्थ यांनी पेटीतला मजकूर मुद्दाम चार हजार पट फुगवला. त्यातला एक लहानसा भाग जरी नीट पुसला गेला तरी उरलेल्यातून किल्ली परत मिळत नाही. माहिती जपण्यासाठी आपण नेहमी जास्तीच्या प्रती करतो. येथे ती हमखास नष्ट व्हावी म्हणून पसरवली आहे.

लक्सची दुसरी आवृत्ती परवलीच्या शब्दापासून किल्ली काढताना आर्गॉन२ वापरते. २०१५ च्या खुल्या स्पर्धेत निवडली गेलेली ही पद्धत प्रत्येक अंदाजासाठी वेळ तर घेतेच, शिवाय मोठी स्मृतीही अडवून धरते. मी शब्दकोशातून १२९६ मराठी शब्द निवडले, चार फासे टाकून त्यांतून एक याप्रमाणे आठ शब्द उचलले आणि ते रोमन लिपीत लिहिले. यंत्र सुरू होताना कळफलक देवनागरी नसतो. अशी शब्दमाला ८ वर २४ शून्ये इतक्या प्रकारे होऊ शकते. दर दोन सेकंदांना एक अंदाज करणारी दहा लाख यंत्रे लावली तरी सर्व शक्यता तपासायला पन्नास हजार कोटी वर्षे हवीत. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे. 'स्वतःच्या मनाने' निवडलेल्या शब्दांना हे गणित लागू पडत नाही, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात घ्यावे.

एवढे करून यंत्र पुन्हा सुरू केले आणि ते उठलेच नाही. मूळ विभाग सापडत नाही, असा संदेश देऊन गाभा थांबला. चूक माझी होती. आरंभी चालणाऱ्या छोट्या तात्पुरत्या प्रणालीत कूट उलगडणारा भागच मी घातला नव्हता. घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेतल्यासारखे झाले होते. पेन ड्राइव्हवरून यंत्र चालू केले, डिस्क हाताने उघडली, आत शिरून ती छोटी प्रणाली पुन्हा बांधली. मध्यरात्री आठही शब्द विचारले गेले तेव्हा जीव भांड्यात पडला. त्या दीड तासात लक्सच्या पेटीचा काही भाग चुकून पुसला गेला असता, तर जगातली कोणतीही प्रयोगशाळा मला मदत करू शकली नसती. म्हणून त्या पेटीची प्रत स्वतंत्र ठेवायची असते.

या कुलपाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. २००८ मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवले, की वीज तोडल्यावरही स्मृतीतील मजकूर काही सेकंद टिकतो आणि चिप उणे ५० अंशांपर्यंत गार केली तर कित्येक मिनिटे. हवेचा डबा उलटा धरून फवारला की काम भागते. चालू किंवा झोपवलेल्या लॅपटॉपच्या स्मृतीत किल्ली उघडी असते; प्रवासात तो पूर्ण बंद करावा. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर झाला तसा खंडणीखोर हल्ला डिस्कच्या कूटलेखनाने थांबत नाही, कारण त्या वेळी डिस्क उघडीच असते. हे कुलूप चोरलेल्या, बंद यंत्रासाठी आहे. माझ्या पाठपिशवीसाठी ते पुरेसे झाले असते.

मग मूळ संहितेपासून बांधल्याने विश्वासाचा प्रश्न सुटतो का? केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने केलेल्या, १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भाषणात याचे नकारार्थी उत्तर दिलेले आहे. संकलकातच चोरदार असेल तर स्वच्छ संहितेतूनही दूषित आज्ञावली निघते. आणि तो संकलक स्वतःच्या स्वच्छ संहितेतूनही पुन्हा दूषितच जन्मतो. जेंटूची मांडणीही एका तयार संकलित गाठोड्यापासूनच आरंभ होते. जून २०१८ मध्ये तर हल्लेखोरांनी जेंटूच्या गिटहब खात्याचा ताबा घेऊन फाइली पुसणाऱ्या आज्ञा घुसवल्या. मुख्य भांडार वेगळे होते, म्हणून ते बचावले. चौकशीत कारण निघाले ते एका प्रशासकाचा ओळखता येण्याजोगा परवलीचा शब्द!

त्याहून धक्कादायक प्रकरण मार्च २०२४ चे. एक्सझेड या दाबणीच्या आज्ञावलीत कोणीतरी दोन वर्षे विश्वास संपादन करून चोरदार बसवले होते. ते अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सापडले, कारण दूरस्थ प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि त्याने ते मोजमाप सोडून दिले नाही. ते विष विशिष्ट वितरणिकांची गाठोडी बांधतानाच सक्रिय होईल असे रचलेले असल्यामुळे जेंटू त्यातून सुटले. याला जेंटूचे श्रेय म्हणता येणार नाही. पण संहिता खुली नसती तर त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढता आला नसता, हेही तितकेच खरे. थॉम्प्सन यांच्या कोड्यावर काम थांबलेले नाही: २०२३ मध्ये ग्विक्स प्रकल्पाने अवघ्या ३५७ बाइटांच्या बीजापासून पायरीपायरीने संकलक आणि पुढची सारी प्रणाली उभी करून दाखवली. ३५७ बाइट माणूस हाताने तपासू शकतो.

आता आपल्या देशातील बातमी, जिच्यामुळे हे लिहायला बसले. सप्टेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कूटलेखन धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला होता. नागरिकांनी कूटबद्ध केलेल्या मजकुराची उघडी प्रत ९० दिवस जपून ठेवावी, अशी त्यात अपेक्षा होती. देशभर टीका झाली आणि २२ सप्टेंबरला मसुदा मागे घेण्यात आला. त्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायदा आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. त्या नियमांत वाजवी सुरक्षा उपाय म्हणून कूटलेखनाचा उल्लेख आहे. असे उपाय न योजल्यास कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. दहा वर्षांपूर्वी उघडी प्रत मागणारी व्यवस्था आता उघडी प्रत ठेवल्याबद्दल जाब विचारणार आहे. दुसरीकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ नुसार सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशानंतरही उलगडण्यास साहाय्य न करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ते कलम कायम आहे. या दोहोंची सांगड न्यायालये कशी घालतात ते पाहायचे.

आपल्या विद्यापीठांत आणि संशोधनसंस्थांत विद्यार्थ्यांची ओळखपत्रे, गुणपत्रके, बँक खाती प्राध्यापकांच्या खासगी लॅपटॉपवर पडून असतात. मी नवे यंत्र घेतल्यावर त्या अकरा विद्यार्थ्यांना एकेक पत्र लिहून घडलेले सांगितले. नऊ जणांनी 'काही हरकत नाही, मॅडम' असे उत्तर दिले. एकाचे उत्तर आले नाही. आजारपणाचे पत्र लिहिणारी विद्यार्थिनी भेटायला आली, काही वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "तुमच्या लॅपटॉपवर जे केलंत ते माझ्याही लॅपटॉपवर करायचं आहे. शिकवाल?"

पुढच्या शनिवारी आम्ही चार फासे घेऊन बसलो.